हाताने गुंडाळलेला पिकअप

मी गिटार बरी वाजवतो असा माझा तेव्हा समज होता. शहापुरात एका कचेरीत कारकून होतो आणि सुट्टीच्या दिवशी मुरबाडच्या बेंजो पार्टीत गिटार वाजवायचो. हळदी असायच्या, जयंतीच्या मिरवणुका असायच्या. लोकांना नाचायला ठेका हवा होता. मला मात्र वेड लागलं होतं ते कल्याणहून आणलेल्या एका जुन्या हार्ड रॉकच्या कॅसेटचं. तिच्यातल्या गिटारचा आवाज जाड होता, खरखरीत होता, तरी एकेक तार वेगळी ऐकू यायची. तोच आवाज मला हवा होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बराचसा पिकअपवर ठरतो. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली छोटी डबी. आत चुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. माझ्या स्वस्तातल्या गिटारमध्ये एकच गुंडाळी असलेले पिकअप होते. मांडवातली ट्यूबलाइट लागली की त्यांच्यातून घूं सुरू. नवरीची आई एकदा मला म्हणाली, "मास्तर, तुमची मशीन बिघडलीय वाटतं."

मुरबाडला माझ्या मित्राचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. जळालेले पंखे, पाण्याच्या मोटारी तो पुन्हा गुंडाळून द्यायचा. सुराशी त्याचा काही संबंध नव्हता. "तुज्या त्या रॉकमधलं मला काय कलत नाय," तो म्हणाला, "पन घूं कशानं येते ते कलतं." त्याने भंगारातल्या रेडिओची बारीक तार काढली, जुन्या शिलाई मशीनचं चाक लावलं आणि दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी बसवल्या. दुसरीची जोडणी उलटी, चुंबकाचं तोंडही उलटं. दोन्हींतली घूं एकमेकींना मारून टाकते आणि तारांचा आवाज मात्र दुप्पट होतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आवाज आला तो जवळजवळ कॅसेटमधलाच. एक खोड राहिली. आवाज फार वाढवला की पिकअप शिट्टी मारायचा. शिवाय तो सगळं ऐकायचा. तारांजवळ तोंड नेऊन बोललं की बोलणं अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडायचं. मित्र वाकून गिटारलाच सांगायचा, "दोन कटिंग पाठव रे!" आणि समोरचा चहावाला दचकायचा.

या कामाचे पैसे त्याने घेतले नाहीत. त्याच्या बदल्यात मी रविवारी त्याच्याबरोबर शेतांवर जायचो. आमच्याकडे मोटर खाली नदीत आणि तिचा स्टार्टर वर काठावरच्या पेटीत. इकडून तिकडचं दिसत नाही. म्हणून खाली हात घालण्याआधी फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि वर स्टार्टरपाशी माणूस उभा करायचा, ही त्याची रीत. मी खांबासारखा उभा राहायचो. कुणाशी बोलायचो नाही, विडीसुद्धा ओढायचो नाही. तो चिडवायचा, "सरकारी मानूस. उभं रान्याचाच पगार घेतो."

पण पिकतं तिथे विकत नाही. एका हळदीत शिट्टी वाजली, लोक हसले आणि मला कंपनीचा पिकअप हवासा झाला. मित्राला सांगायची लाज वाटली. "रविवारी हापिसचं काम हाय रे, ठाण्याला," असं सांगून मी मुंबईला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज आवडतो ना? मग बदलता कशाला? गुंडाळी सैल असेल. गरम मेणात बुडवून काढा, शिट्टी थांबेल." एवढं ऐकून मी परत फिरायला हवं होतं. पण खोटं बोलून आलेला माणूस रिकाम्या हाताने कसा जाणार? दुकानातला सगळ्यात ताकदीचा पिकअप मी घेतला.

चारच्या सुमाराला मुरबाडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पानवाल्याने सांगितलं. मित्र एका भेंडीच्या मळ्यावर एकटाच गेला होता. लाइट गेलेली होती. त्याने फ्यूज काढून खिशात टाकला आणि खाली उतरला. तेवढ्यात लाइट आली. मित्र नदीत उतरलाय हे ठाऊक नसलेला शेतकरी धावत स्टार्टरपाशी आला. फ्यूजची जागा रिकामी दिसली, तेव्हा आपल्याकडे सगळेच करतात तेच त्याने केलं. तारेचा तुकडा वाकवून अडकवला आणि बटण दाबलं. त्या बिचाऱ्याने त्यानंतर भेंडी लावली नाही. पिशवी हातात घेऊन मी स्टँडवर उभा होतो आणि मला एवढंच कळत होतं की ही चूक माझी आहे.

मित्राच्या मृत्यूनंतर पुण्यानुमोदनाच्या विधीला जमलेल्या सगळ्यांना मी ठाण्याच्या कामाचंच सांगितलं.

दोन महिन्यांनी मी तो नवा पिकअप बसवलाही. सांगायला लाज वाटते, पण बसवला. शिट्टी नव्हती. पण वेढे इतके जास्त होते की वरचे स्वर गुदमरायचे आणि सगळा चिखल व्हायचा. ताकदीचा पिकअप म्हणजे हार्ड रॉकचा आवाज, हा माझा समज खोटा निघाला. त्या जुन्या आवाजाला बेताची गुंडाळी लागते, तारेला बोलू देणारी. मित्राने ती नुसत्या अंदाजाने साधली होती. मी त्याचाच पिकअप परत बसवला.

म्हसा गावच्या जत्रेत एका वाडीवरच्या बाईकडून मधाच्या पोळ्याचं मेण आणलं. घरी ते वितळवलं, पिकअप काढून पातेल्यावर धरला, आणि हात खाली जाईना. मेणात बुडवला की त्याचे कान बंद होणार. मेण तसंच थिजू दिलं.

मग दुपारी घर रिकामं असलं की मी अॅम्प्लिफायर सुरू करून गिटार खाटेवर ठेवायचो. शेजारच्या घरातल्या भांड्याचा आवाज यायचा, पत्र्यावरचा कावळा यायचा, माझा श्वास यायचा. मधूनच डबीवर कुणी नख मारावं तशी टकटक. ऊन तापलं की पत्रे वाजतात, हे मला माहीत होतं. तरी मी घाबरायचो, आणि घाबरूनही बंद करायचो नाही. एकदा बायकोने येऊन वायर उपटली. म्हणाली, "कुणाची वाट बघताय?"

आठ वर्षांनी मी मित्राच्या आईकडे गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, त्या दिवशी मला हापिसचं काम नव्हतं. मी मुंबईला गेलतो, नवा पिकअप आनायला."

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "त्याला पन ठाव होतं. तुज्या हापिसातला एक जन आदल्या दिशी दुकानात आलता. त्यानंच सांगितलं, उद्या काम कसलं, सुट्टी हाय."

"काय बोलला तो?"

"हसला. बोलला, मला सांगाया लाजला असंल. मी बोलले, मंग शेजारच्याला तरी ने रे स्टार्टरपाशी. तर बोलला, नको. बाकीचे उभं रातात नि गप्पा मारत सुटतात. तसा मानूस असन्यापरीस नसलेला बरा. त्याच्यासारखा उभा रानारा दुसरा नाय."

ती पुन्हा खडे वेचू लागली. खोटं बोलून मी त्याला फसवलं, असं मी आठ वर्षं समजत होतो. तो फसला नव्हताच. त्याने माझी जागा रिकामी ठेवली होती.