पाच वाव दोरीचा विटा

माझा स्वभाव तापट आणि त्यात हौस दांडगी. करंजाड्याच्या मैदानावर बायकांसाठी मर्दानी खेळांचा वर्ग सुरू झाला, तेव्हा पहिलं नाव माझं. लाठी झाली, भाला झाला, पण जीव जडला तो विट्यावर. विटा म्हणजे दोरी बांधलेला आखूड भाला. दोरीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. फेकायचा, निशाणात घुसला की हिसका द्यायचा आणि परत हातात झेलायचा. "घोडेस्वार भाला उचलायला खाली उतरणार होय, ताई?" वस्ताद म्हणायचे. "तो भाल्यालाच परत बोलवायचा."

शिवजयंतीच्या मिरवणुकीत, पनवेलच्या भर चौकात, विटा फेकायचा मान एकाच बाईला मिळणार होता. मला तो हवा होता म्हणजे हवाच होता! सगळ्या बिल्डिंगला आधीच सांगून मोकळी झाले होते. भाजीवालीलासुद्धा सोडलं नव्हतं.

"रविवारी परीक्षा," वस्तादांनी जाहीर केलं. "दहा पावलांवर केळीचा खुंट, प्रत्येकीला तीन फेकी. नवी दोरी आणा, पाच वाव. आणि जिची दोरी तिनंच मापायची." दोन्ही हात पसरले की एक वाव.

आता माझ्या घरात करंजा बंदराची कोळीण असताना मी दोरी मापू? माझ्या सासूबाईंचं अर्धं आयुष्य बंदरावर गेलेलं. मी दोरी त्यांच्यापुढे टाकली.

"आन इकरं, पोरी," त्या म्हणाल्या. "आमचा जल्म दोरीतच गेला हाय." भराभर पाच वाव मापून, अशी गाठ मारून दिली की हत्तीनं ओढली तरी सुटायची नाही. मी खूश. वस्तादांना कुठे कळणार होतं?

सासूबाई ताडासारख्या उंच आणि मी दोन वितींची, हे माझ्या टाळक्यात रविवारी मैदानात शिरलं. त्यांच्या पाच वावांत माझे सहा बसत होते. पहिली फेक खुंटाच्या बाजूने गेली आणि उरलेली दोरी माझ्या पायात आली. दुसऱ्या फेकीला मी हिसका दिला, विटा निम्म्या वाटेत लोळला. तिसऱ्या फेकीला विट्याआधी मीच आडवी. बायका पोट धरून हसत होत्या.

"ताई, दोरी कुणी मापली?" वस्तादांनी विचारलं.

"मी मापली," कडेला बसलेल्या सासूबाई उठल्या. "माजी चूक हाय. पन दोरी वाईट नाय." त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, माझ्या मनगटावरून दोरी सोडवली आणि कुणी काही म्हणायच्या आत विटा सोडला. खच्च! खुंटाच्या मधोमध. एक हिसका, आणि विटा परत त्यांच्या मुठीत. "ल्हानपनी खाडीत भाल्यानं मासं मारायचो आमी," त्या लाजून म्हणाल्या.

वस्तादांनी सरळ वाकून नमस्कारच केला. "मावशी, मान तुमचा."

मला इतका राग आला, काय सांगू! तीन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. नियम मी मोडला, तोंडघशी मी पडले, आणि फुरंगटून पण मीच बसले. त्या बिचाऱ्या म्हणत होत्या, "पोरी, मी नाय जात. तूच जा." तेही मला झोंबत होतं. भीक नको होती मला.

मिरवणुकीच्या दिवशी मी लाठीवाल्यांच्या रांगेत, तोंड फुगवून. चौकात ढोल थांबले. साठीची बाई, हिरवं लुगडं, केसांत अबोली, मनगटाला दोरी. हात मागे गेला. चुकू नका हो, आई, चुकू नका! विटा सुटला, लागला, परतला. चौक नुसता दणाणला.

"कोण हो या?" शेजारची एक बाई ओरडली.

"माझी सासू!" मी बेंबीच्या देठापासून किंचाळले आणि नाचायलाच लागले. माझ्यापायी आख्ख्या रांगेचा ठेका चुकला, वस्ताद डोळे वटारत होते, पण ऐकतंय कोण! त्या जागेवर मी असायला हवं होतं, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मला फक्त त्यांनी अजून एकदा विटा फेकलेला बघायचा होता.