शेवटच्या रांगेतला हात

दगडूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तंबोरा लावत होते. फोन ठेवून पुन्हा बसले, तर एकही तार जुळेना... महिना झाला, आता कुठे लिहायला जमतंय.

मामा जामखेडकडचे. नगरच्या आमच्या जुन्या संगीत थिएटरची राखण त्यांनी जन्मभर केली. गाण्याचं शिक्षण शून्य, पण कान असा की भल्याभल्यांनी टरकावं. प्रत्येक मैफिलीआधी ते शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे आणि गायकाने माइकशिवाय सूर लावायचा. तो नीट पोचला की मामांचा हात वर. तोवर प्रेक्षकांना दारं उघडायची नाहीत. माझ्या पहिल्या मैफिलीला हात काही हलेना. "ताई, सूर लई गोड हाय, पन तुमच्यापाशीच ऱ्हातोय." असा राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण गाणं मी त्या दिवशी शिकले.

पुढे थिएटरची दुरुस्ती झाली आणि त्याचा आवाजच बसला. मागे नुसती गुणगुण. पाडून मंगल कार्यालय बांधावं, असं विश्वस्तांनी मनात घेतलं. आम्ही कलाकार मूग गिळून बसलो. मामा तेवढे उठले. "थेटर मेलं न्हाई, त्याचा गळा दाबलाय तुमी," म्हणाले आणि बॅटरी घेऊन रंगमंचाखाली शिरले. सूर घुमावा म्हणून जुन्या लोकांनी तिथे रिकामे रांजण मांडले होते. दुरुस्तीवाल्यांनी त्यांत राडारोडा भरून टाकला होता! सत्तरी ओलांडलेला हा माणूस आठवडाभर रांगत, घमेल्या-घमेल्याने तो बाहेर काढत राहिला. तिसऱ्या दिवशी लाज वाटून मीही पदर खोचला.

रविवारी सकाळी मामांनी विश्वस्तांना मागे नेऊन बसवलं. माइक बंद. मी षड्ज लावला... आणि अख्खं थिएटर माझ्याबरोबर गाऊ लागलं. मामांचा हात वर गेला. शेजारी अध्यक्षांचाही! पाडापाडीचा विषय तिथेच मिटला. आम्ही दोघं पायरीवर बसून आनंदाने रडलो.

परवा माझ्या शिष्येची पहिली मैफल होती. त्या खुर्चीचा उजवा हात मामांच्या कोपराने गुळगुळीत झालाय. त्यावर हात ठेवून मी बसले. तिने सूर लावला. गोड होता, पण पोचला नाही. मी हलले नाही. बाहेर गर्दी दारं ठोठावू लागली. तिने डोळे मिटले, पुन्हा लावला... आणि माझा हात आपोआप वर गेला.

"उघडा दारं," मी ओरडले.