मशीन म्हणतं, चिठ्ठी दिली

ती आग विझून कित्येक वर्षं लोटली, पण माझ्या मनातून अजून जात नाही. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. इस्लामपूरच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. भर दुपारी खबर आली, ऊस पेटलाय आणि आत एक म्हातारा जळून गेलाय. म्हातारा जनावरांसाठी वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा हिरवा पाला, आणायला आपल्याच फडात शिरला होता. आम्ही पंचनामा करत होतो तेव्हा त्याचा मुलगा बांधावर ताठ बसून होता. फौजेतून निवृत्त होऊन आलेला गडी. रडला नाही, बोलला नाही. असल्या गप्प माणसाची मला धास्ती वाटते. आरडाओरडा करणारा निदान कळतो तरी.

संध्याकाळी आमच्या खबऱ्याने शेजाऱ्याचं नाव दिलं. दोन्ही घरांचं बांधावरून हाडवैर होतं आणि शेजारी त्या दुपारी शेतातच होता. मी त्याला उचलून आणला. खुनाचा आळ डोक्यावर असताना तो घाबरण्याऐवजी चिडला होता.

"आवं साहेब, जळका ऊस कारखाना पयला तोडतो, हे बारकं पोरबी सांगंल. माझ्या वैऱ्याची तोड लवकर यावी म्हणून मी काडी लावीन व्हय?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. बोलणं बिनतोड होतं. आमच्या भागात पेटलेला ऊस भावात थोडी कपात करून आधी नेतात, नाहीतर तो वाळून जातो. म्हणजे आगीचा फायदा कोणाला, तर उसाच्या मालकालाच. पण आजूबाजूचे फड रिकामे होऊन त्याचाच ऊस का उभा राहिला होता?

दुसऱ्या दिवशी कारखान्याचं शेतकी ऑफिस गाठलं. चिठ्ठी हातात आल्याशिवाय तोडणीची टोळी शेतात येत नसे. पूर्वी तिथला कारकून तोडणीच्या चिठ्ठ्या हाताने लिही आणि ज्याच्या त्याच्या हातात देई. त्या हंगामात नवा कॉम्प्युटर आला होता. प्रोग्रॅम चालू केला की चिठ्ठ्या थेट प्रिंटरवर छापून निघत. म्हाताऱ्याच्या उसाचं विचारलं तर कारकून ऐटीत म्हणाला, "त्यांस्नी तोड कवाच दिली. मशीन म्हणतंय, चिठ्ठी दिली."

मला वाद घालण्यापेक्षा बघत बसायची खोड आहे. मी प्रिंटरशेजारी खुर्ची ओढली. खडखडाट सुरू झाला. थोड्या वेळाने कागद अडकला, पण खडखडाट काही थांबेना. एकाच ओळीवर नावावर नाव बसून नुसती काळी पट्टी झाली. ऑपरेटरने तेवढा कागद फाडून टोपलीत टाकला, नवा सरळ केला आणि काम पुढे चालू.

"मधल्या चिठ्ठ्यांचं काय?" मी ऑपरेटरला विचारलं.

"प्रोग्रॅमने प्रिंटरला पाठवल्या की त्याच्या लेखी त्या दिल्या. कागद अडकला हे त्याला कळत नाही."

"मग तुम्ही परत छापत नाही?"

"कुठल्या राहिल्या ते कोण बघत बसणार, साहेब?"

मी म्हाताऱ्याच्या मुलाला ठाण्यात बोलावलं. दमदाटी केली नाही. प्रिंटरवर पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो खुर्चीवरून पुढे झुकला.

"म्हंजी माझी चिठ्ठी कागदावर उतरलीच न्हवती?"

"नाही. असल्याच एखाद्या काळ्या पट्टीत गेली असणार."

मग तो बोलू लागला. ऑफिसात खेटे घातले, तिथे एकच उत्तर. गावाने उठवलं, यानं चिठ्ठी दुसऱ्याला विकली. बापालाही ते पटलं. मशीन कशाला खोटं बोलंल, फौजेत जाऊन हेच शिकलास का, म्हणाला, आणि पोराशी बोलणं टाकलं. शेवटी याने स्वतःच काडी लावली. आबा घरी जेवायला गेलेत, असं त्याला वाटलं होतं. बापलेकात अबोला. कोण कुठे जातोय, हे कोणी कोणाला सांगत नव्हतं.

शेजाऱ्याला सोडला. मुलावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल केला. जबाबावर सही करताना शिक्षा किती होईल, हे त्याने विचारलं नाही.

नोकरीत मी अट्टल खोटारडे पाहिले. त्यांना कधी ना कधी घाम फुटतो. त्या मशीनला घाम नव्हता, म्हणून सगळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि पोटच्या पोरावर ठेवला नाही. तेव्हापासून नोंद कितीही पक्की असो, ज्याच्या हाती वस्तू पडायला हवी होती त्या माणसाला मी आधी विचारत आलो.

कोठडीकडे जाताना तो दारात थांबला.

"साहेब, मी चिठ्ठी विकली न्हवती. आबांस्नी एवढं कुनीतरी सांगाया पायजे हुतं."