आजोबा मेल्याचे पेढे

स्वतःचे आजोबा मेल्याचं कळलं म्हणून अख्ख्या सोसायटीत पेढे वाटणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आजोबांना जाऊन तेव्हा शंभरच्या आसपास वर्षं झाली होती, पण बातमी ताजी होती. समोरच्या बाईंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "नातू झाला का?" हे प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "न्हाई, आजा मेला." तो पेढा बाईंना गिळवेना की थुंकवेना.

व्याही नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हे जाडी-रुंदी मोजायचं स्वतःचं व्हर्नियर घेऊन आले आणि तेव्हापासून ते त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा त्यांनी बशीतला बेसनाचा लाडू उचलून आधी मोजला, मग दुसरा मोजला आणि घोषणा केली, "चाळीस मिलिमीटर. सगळे येकसारखे. मुलीच्या आईचा हात पक्का हाय." बाकी मंडळींनी माना खाली घातल्या. मला मात्र माणूस आवडला. मी स्वतः किराण्याच्या यादीला अनुक्रमांक देणारी बाई आहे, त्यामुळे मोजणाऱ्या माणसाबद्दल मला आपलेपणा वाटतो. त्यांच्या पत्नीचं मत वेगळं आहे. "विहीणबाई, तुमचं कौतुक बशीपुरतं. मला रोज ड्रॉइंगबरहुकूम चपाती लाटावी लागते."

लग्नाच्या वहीत मी दोन्ही घरांची माहिती लिहून काढली, तेव्हा त्यांच्या बाजूला एकच रकाना रिकामा राहिला : मूळ गाव. विचारलं तर म्हणाले, "ते काम चालू हाय." काम तीन वर्षं चालू होतं. त्यांचे आजोबा पाथरवट. भंडारदऱ्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा कुठूनतरी दगड घडवायला आले आणि अकोले तालुक्यातल्या एका वाडीवरच्या मुलीशी लग्न करून तिथंच राहिले. 'कुठूनतरी' म्हणजे कुठून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग व्याह्यांनी प्रयोग सुरू केले. धरणावर कच्छी कारागीर होते असं ऐकून एक पावसाळाभर ते कच्छी होते. आमटीत गूळ दुप्पट झाला. पुढं कुणीतरी म्हणालं की धरणावर तेलंगणातले लोक पुष्कळ होते, तेव्हा गूळ बंद होऊन चिंच सुरू झाली. "रक्तात असल्याबिगर चिंच अशी लागत न्हाई," असं ते ठसका लागलेल्या आवाजात सांगत. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अजून दोन मुलूख बदलले ना, तर मी माहेरी जाते. माझं तरी ठरलेलं आहे."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते माझ्या मुलीच्या डोहाळजेवणापर्यंत. त्यांच्या वाडीकडचे एक म्हातारे पाहुणे पान चघळत म्हणाले, "आरं, कशाला शोधतो? तुझा आजा मेलाच न्हाई. बायकापोरं टाकून पळाला त्यो. सगळ्या वाडीला म्हाईत हाय." लोक हसले. व्याही हसले नाहीत. त्यांनी हातातलं व्हर्नियर उघडून बंद केलं, पुन्हा उघडलं. नंतर मला हळूच म्हणाले, "माझ्या बापाला शाळंत ह्येच म्हनायचे. टाकल्यालं पोर. मरस्तोवर त्याच्या डोक्यातून ग्येलं न्हाई." मेल्याचा पुरावा नाही म्हणून आजोबांना स्वतःची तिथीही नव्हती. सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांबरोबर त्यांचं पान मांडलं जाई. "आजा जनरल डब्यात जेवतोय, विहीणबाई. त्याचं रिझर्वेशन करायचंय."

मी त्याच संध्याकाळी डायरीत लिहिलं : एक, जुनी मृत्यूची नोंद शोधणे. दोन, मोडी वाचणारा माणूस. तीन, डबा.

तालुक्याच्या कचेरीत व्याही, त्यांच्या पत्नी आणि मी गेलो. फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. कारकुनानं सवयीनं विचारलं, "जातीच्या दाखल्याला का?"

"न्हाई. श्राद्धाला."

"असं कारण चालत नाही, काका."

"मग लिवा, आजा मेला का पळाला ते बघायला."

शेवटी मी 'वैयक्तिक' असं लिहून फॉर्म पुढं सरकवला. राजूरचे एक निवृत्त गुरुजी मोडी वाचायला सोबत घेतले होते. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीची पानं पुढं आली आणि ते एकेक नोंद वाचू लागले. मी सवयीनं तारखा टिपत होते. चौदावी नोंद आमची निघाली. नाव जुळलं, वाडी जुळली. वय अदमासे पस्तीस. धंदा पाथरवट. मूळ राहणार मोगलाई. कारण ताप. खबर देणार, बायको.

मग त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पळाले नव्हते हो."

"न्हाई," व्याही म्हणाले. "मेलाच हुता." इतक्या समाधानानं हे वाक्य बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. मग त्यांनी गुरुजींना विचारलं, मोगलाई कुठल्या तालुक्यात येते. गुरुजी म्हणाले, "निजामाचा सगळा मुलूख. जालन्यापासून थेट हैदराबादपर्यंत कुठंही."

"चला, पत्ता सोपा झाला."

नक्कल हातात येईपर्यंत चहाला बसलो आणि तिथं माझ्या यादीनं घोटाळा केला. तारखेवरून तिथी काढायची म्हणून मी मोबाईलवर वार बघितला. सहज बाकीच्या तेरा नोंदींचेही बघितले. चौदाच्या चौदा माणसं एकाच वारी मेली होती.

"डोंगरातली मान्सं लई शिस्तीची," व्याही म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

गुरुजी हसले. "तो राजूरच्या बाजाराचा वार. वाडीवर माणूस गेलं तर तेवढ्यासाठी कोण उतरणार? बाजाराला आले की चावडीवर सांगायचे. ज्या दिवशी सांगितलं, ती तारीख."

म्हणजे आजोबा त्या बाजारापासून मागच्या बाजारापर्यंत कधीही गेलेले असू शकत होते. "मापात सात दिवस हिकडंतिकडं, येवढी टॉलरन्स," व्याही म्हणाले. "असा जॉब केला असता तर सायबानं मला गेटाभाईर काढला असता."

"मग परत अमावास्येलाच घाला जेवायला," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर अकोल्यापासून संगमनेरपर्यंत व्याही नक्कल मांडीवर धरून बसले होते. मी डायरीत 'तिथी' लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते त्यांनी तिरप्या नजरेनं पाहिलं. "आजा कवा मेला ते न्हाई कळायचं," ते म्हणाले. "पर आजी कवा उतरली ते तर कळतंय ना? माझा बाप कडंवर घेऊन आली असंल. सांगितलं असंल, मग मीठमिरची घेऊन परत चढली असंल. तीच तिथी धरा."

दुसऱ्या दिवशी पेढे वाटले.

यंदाच्या पितृपक्षात त्या तिथीला आम्ही जेवायला गेलो. त्यांच्या पत्नींनी वडे तळले होते, एक लहान, एक मोठा, मुद्दामच असावेत. "मोजा की," त्या म्हणाल्या. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आज." पानं मात्र दोन मांडली होती. मी विचारलं नाही. दुसऱ्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं आधी मीठ वाढलं, मग काही वेळ दाराकडे तोंड करून उभे राहिले, बाजार करून डोंगर चढत येणारं माणूस अजून वाटेत असावं तसे.