राखीव संघाचा बिरूअण्णा

सामना सुरू व्हायच्या आधी बिरूअण्णा समोरच्या फॉरवर्डजवळ जायचा, हात मिळवायचा आणि अगदी आपुलकीनं विचारायचा, "घरी कोण कोण हाय रं तुज्या?" तो बिचारा आई, बायको असं काही सांगू लागला की अण्णा म्हणायचा, "मग जपून खेळ." अर्ध्या तासात तो फॉरवर्ड लंगडत बाहेर.

सत्तरच्या दशकात इस्लामपूरकडच्या आमच्या साखर कारखान्याचे दोन फुटबॉल संघ होते. मोठ्या संघात निवड झाली की माणूस कारखान्यात कायम व्हायचा. आम्ही राखीव संघातले हंगामी. गाळप संपलं की घरी. सांगली-साताऱ्याच्या अशा राखीव संघांची एक लीग चालायची. कायम व्हायला टपलेली बावीस माणसं एका मैदानात सोडल्यावर दुसरं काय होणार? नाकं फुटायची, नडग्या सोलून निघायच्या. माझा पुढचा दात त्या लीगनंच नेला. आमचा फुलबॅक अण्णा, आटपाडीकडच्या मेंढपाळाचा पोर, सगळ्यांत दांडगा. आम्हाला शिकवायचा, "पडल्याल्याला लाथ घालू नगंस. उटू दे, मग घाल."

हंगामातला शेवटचा सामना सांगलीत, विश्रामबागेत होता. सकाळीच आमच्या सेक्रेटरींनी बजावलं, "बिरू, आज एकही फाउल नको. हात आवरलास तर मोठ्या संघाच्या पुढच्या सामन्यात तू." अण्णाचं खेळायचं वय सरत आलेलं, घरी तीन पोरी. ही संधी शेवटची, हे त्याला ठाऊक होतं.

त्या दिवशी अण्णानं खाल्लेला मार मी जन्मात विसरणार नाही. सांगलीच्या पोरांना बातमी लागली होती. त्यांनी कोपरानं त्याचा ओठ फाडला, तोंडावर थुंकले. रक्त गिळून तो नुसता चेंडू खेळत राहिला. मला रडू यायचं बाकी होतं.

बरोबरी असताना, अगदी शेवटी, आमच्या गोलकीपरनं त्यांच्या पोराचा पाय ओढला आणि रेफ्रीनं पेनल्टी दिली. रेफ्री म्हणजे साताऱ्याचे एक काटकुळे ड्रॉइंग मास्तर. ट्रकमधून आलेली आमचीच माणसं उसाची दांडकी घेऊन मैदानात घुसली. सगळ्यांत पुढं चेअरमनसाहेबांचा मेहुणा. त्याच्या पहिल्याच फटक्यात मास्तर कोसळले. त्यांच्या कानातून रक्त वाहू लागलं.

अण्णा मास्तरांच्या अंगावर पाय फाकवून उभा राहिला. "मास्तरला हात लावायचा न्हाई! या, माज्यावर या!" मेहुण्याचा जबडा त्यानं एका ठोशात मोडला. मग पुढं येईल त्याला हाणत सुटला, आणि येणारे सगळे त्याच्याच कारखान्याचे. त्याचा डावा हात त्यांनीच मोडला. पोलीस येईपर्यंत तो जागचा हलला नाही.

पेनल्टी मारायची राहिलीच. लीग तिथंच बंद पडली, ती पुन्हा कधी भरली नाही. अण्णाला पुढच्या हंगामात कामावरही घेतलं नाही.

मी आटपाडीला भेटायला गेलो, तेव्हा वाकड्या जोडलेल्या हातानं तो मेंढरं वळत होता. पाहून माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "आवं अण्णा, नुसतं बाजूला हुबं ऱ्हायला असता, तर आज कायम झाला असता तुमी!"

अण्णानं एक चुकार मेंढरू कळपात ढकललं.

"आरं, पेनल्टी खरी हुती," तो म्हणाला. "मी बगितलीया. मग मास्तरनं मार का म्हून खायचा?"