घासून घासून चिघळलेली जखम

"ही जखम तुमच्याच हातानं चिघळली," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. माझ्या मनात मात्र एकच होतं. मग रुक्मिणीची कशी भरली?

रुक्मिणी माझी धाकटी चुलत जाऊ, विधवा. दुष्काळात शिरूर कासारकडच्या आमच्या विहिरी आटल्या आणि आम्ही सगळे माजलगावच्या बाजूला सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला आलो. एकाच आठवड्यात आम्हा दोघींच्या नडगीला कोयता लागला. तिनं साध्या पाण्यानं जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं आणि दहा दिवसांत ती कामाला लागली. माझी भरायचं नाव घेईना.

मुकादमानं माझ्या जागी तिला माझ्या नवऱ्याबरोबर जोडलं. तो तोडायचा, ती मोळी बांधायची. मी कोपीच्या, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीच्या, दारातून बघायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी जागा कायमचीच गेली तर?

लवकर बरं व्हायचं म्हणून दुकानातलं जंतुनाशक तसंच, पाणी न घालता, ओतून मी जखम घासायचे. दिवसातून चार वेळा. उसाच्या फडातून त्यांचं हसणं ऐकू आलं की पाचव्यांदा.

"आगं, कावून छळतीस त्या पायाला?" नवरा म्हणायचा.

"तुमाला काय, तुमचं काम झ्याक चाललंय!"

पू आला तेव्हा दवाखाना गाठला. तिथं 'स्वॅब' घेतला, म्हणजे जखमेवरून कापूस फिरवून तपासणीला पाठवला. त्यात कोणते जंतू वाढतात ते बघणं म्हणजे 'कल्चर'. तीन दिवस मी वाट बघत जळत होते.

डॉक्टर म्हणाले, "कातडीवर आपले बॅक्टेरिया राहतात. ते वाईट जंतूंना जागा देत नाहीत, काही तर जखम भरायला मदत करतात. तुम्ही त्यांनाही मारलं आणि नव्या कातडीलाही. आता गोळ्या घ्या, रोज एकदा पट्टी बदला. मध्ये हात लावायचा नाही."

हात न लावणं मला जमेना, म्हणून पट्टी बांधायला नवऱ्यानं रुक्मिणीलाच धाडलं. मी तोंड फिरवून बसले.

"अक्का, लवकर बऱ्या व्हा," ती गाठ मारत म्हणाली. "माझी मोळी जरा ढिली पडली की दादा म्हन्तेत, माझी बायको अशी बांधत न्हाई. रोज तेच. मला लई राग येतो तुमचा."

त्या दिवशी मी पायाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तुमच्यापैकी कुणाची जखम अशी रेंगाळली, तर दुसरीच्या जखमेकडं बघत बसू नका, दवाखान्यात जा. मला महिना लागला. पट्टी रोज रुक्मिणीनंच बांधली. तिचे उपकार मी मानते, तिला सांगितलेलं नाही.

फडात परत गेले तेव्हा पहिली मोळी मी मुद्दाम तिच्यासमोर आवळून बांधली.