आत्याने उपटलेला पालक

आतेभावाचा, बसूचा फोन आला तेव्हा मी नांदेडला, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. शिवकांताआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. सकाळी अंगण झाडता झाडता खाली बसली ती पुन्हा उठलीच नाही... दुपारी मी लातूर जिल्ह्यातल्या तिच्या गावी पोचले. आम्हा लिंगायतांत दफन करतात. जवळच्या शहराला लागून असलेल्या तिच्याच रानात खड्डा खोदणं चाललं होतं, पण वरचा पांढरट थर इतका कडक झाला होता की कुदळ उलटी येत होती. दुसरीकडे नेऊ या, असं कुणीतरी सुचवलं. बसू म्हणाला, "तिचं रान हाय. हितंच." याच रानावरून तिनं सगळ्यांशी वैर घेतलं होतं, आणि त्या सगळ्यांत हा तिचा एकुलता एक मुलगाही होता.

शोकसभेत एका पुढाऱ्यानं तिला शांत आणि सोशिक म्हटलं. शांत? सोशिक? ती यातलं काहीच नव्हती, म्हणून हे लिहायला बसले.

दुष्काळात तिचा बोअर आटला. शहराच्या गटारांचं पाणी शुद्ध करणारा प्रकल्प तेव्हा नुकताच उभा राहिला होता. ते पाणी शेताला द्या म्हणून प्रकल्पाच्या कचेरीत बाया घेऊन जाणारी आत्याच होती. पाइप आला, रान हिरवंगार झालं. "शहराच्या घाणीचं सोनं करायलोत बघ आपण," असं म्हणत ती माझ्या पिशवीत पालक-मेथीच्या जुड्या कोंबायची. मीही नांदेडला मैत्रिणींना त्या कौतुकानं वाटायची.

मग काही वर्षांनी मातीवर मिठासारखा पांढरा थर दिसायला लागला. पाणी दिलं की ते फरशीवर साचल्यासारखं साचून राहायचं, मुरायचंच नाही. पानांच्या कडा करपायला लागल्या. आत्यानं माती आणि पालक दोन्ही तपासायला पाठवले. मातीत क्षार वाढलेले निघाले आणि पालकात शिसं. शहरातल्या बॅटऱ्यांच्या आणि धातूंना मुलामा देण्याच्या कारखान्यांचं सांडपाणी त्याच गटारात येत होतं, आणि प्रकल्प काही ते काढण्यासाठी बांधलेला नव्हता.

"शिसं पोटात गेल्यावर काय हुतं?" तिनं मला विचारलं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो ते मी सांगितलं. तिनं पदर खोचला, उभ्या पिकात शिरली आणि पालक उपटायला लागली. बसू धावत आला. "आई, उद्या बाजार हाय! येडी झालीस का?"

"तुझ्या पोरीला घालशील का ह्यो पालक?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग दुसऱ्याच्या लेकराला घालू व्हय?"

दुसऱ्या दिवशी ती रिकामी पाटी घेऊन बाजारात आपल्या जागेवर जाऊन बसली. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, भाजी का आणली नाही ते. आजूबाजूच्या पाट्यांतली भाजी तशीच पडून राहिली. शेजारच्या रानाची मालनकाकी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "शिवकांता, तुझा ल्योक दुकानात कामाला जातो, तुझी चूल पेटती. माझी कशानं पेटावी?" आत्यानं मान खाली घातली. तरी ती उठली नाही.

त्यानंतर गावात तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. बसू एकाच घरात राहून वर्षभर तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा आणि उठायचा.

कचेरीत एकदा मी तिच्यासोबत गेले होते. साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "पाणी शुद्ध केलेलंच आहे, मावशी. तक्रार असेल तर बंद करून टाकू."

"बंद कशाला? पाणी आमाला पायजे. कारखान्याचं गटार येगळं काढा. आन् तवर भाजीला ते पाणी न्हाई द्यायचं, असं सगळ्यांना सांगा. मी एकटी सांगते तर मी वैरीण ठरायले."

"तोपर्यंत तुम्ही फुलं लावा."

तिनं खरंच झेंडू लावला. "देव खात न्हाई ते बरंय," म्हणून हसायची. पण कचेरीची वाट तिनं सोडली नाही. मालनकाकीच्या रानातही पांढरा थर आला, तेव्हा ती आपणहून आत्याच्या दारात आली. आत्यानं मागचं काही काढलं नाही. "चल," एवढंच म्हणाली. मग दोघी, मग पाच-सात जणी प्रकल्पाच्या फाटकासमोर भाकरी बांधून नेऊन बसायला लागल्या. शेवटी कारखान्यांचं गटार वेगळं झालं. त्याच सुमारास बसूनं माती सुधारायला तिच्या रानात ताग पेरला आणि नांगरून मातीत गाडला. बोलायला त्यानं अशी सुरुवात केली.

मातीच्या परवाच्या तपासणीत क्षार थोडे उतरलेले निघाले. शिसं तसंच आहे, ते इतक्यात जात नाही. त्या पाण्यानंच तिचा जीव घेतला, असं काही जण म्हणतात. मला माहीत नाही, आणि पुराव्याशिवाय बोललेलं तिला चाललं नसतं. पण झालं गेलं विसरा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रानात कुदळ मारून बघावी.

गेल्या आठवड्यात तिथल्या बाजारात गेले होते. माझ्या पुढची बाई, आत्याला ओळखतही नसेल, जुडी हातात घेऊन विचारत होती, "कोणत्या पाण्यावरची हाय?" भाजीवाला वैतागला. "बोअरवरची, ताई, बोअरवरची! त्या म्हातारीनं समद्या गावाला खोड लावून ठिवली, एक गिऱ्हाईक सुदीक इचारल्याबिगर घेत न्हाई."

बाई जुडी घेऊन गेली. मी पुढे झाले आणि त्याच्या डोळ्यांत बघून तेच विचारलं.